गाडीसाठी ठेवलेलं पाणी

मिलिंद,

आधी माफी मागतो. तुझ्यावर लिहायला मी योग्य माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि लिहिणं म्हणजे प्रश्नाखाली उत्तर लिहिणं एवढंच मला येतं. भाषणं तू करायचास. वार्षिकांकात लेख तुझा यायचा आणि माझं अक्षर बरं म्हणून त्याची स्वच्छ प्रत मी काढून द्यायचो. आता सरांनी त्याच अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. म्हणाले, भास्कर, जन्म, गाव, शिक्षण, आवडीनिवडी असं लिही. ते मी लिहिणार नाही. ते सगळं ऑफिसात आहे.

शिवाय एक अडचण आहे. तू गेलास हे एका माणसाला अजून माहीत नाही. तो डोंगरावर आहे, हातात बंदूक घेऊन. तुझ्या आईनं मला शब्द द्यायला लावलाय की तो खाली उतरेपर्यंत त्याला कळता कामा नये. त्याला कळायच्या आधी ही बातमी छापायला देणं मला जमणार नाही. म्हणून हे लिहून मी उशीखाली ठेवणार आहे. सरांना म्हटलंय, थोडं थांबा.

परीक्षा संपल्या तेव्हा आपण खरं तर घरी जाणार होतो. मी सावद्याकडे, केळीच्या बागेत, तू शिंदखेड्याकडे. मग कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या. मेसमधल्या टीव्हीसमोर पोरं जेवणाची ताटं घेऊन उभी राहायची आणि ताटातलं तसंच राहायचं. त्या रविवारी होस्टेलच्या फोनवर तुझ्या सैन्यातल्या भावाचा, आनंदभाऊंचा, फोन आला. तुमच्या गावात फोन नाही, म्हणून ते नेहमी इथेच करायचे. रेक्टरांनी हाक मारली की तू चप्पल न घालता पळायचास. त्या दिवशी परत आलास आणि खाटेवर बसलास.

"काय म्हणाले?"

"वर जायचंय म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही. म्हणाला, मायला सांग सगळं बरं आहे."

"मग बरंच असेल."

"भास्क्या, बरं असतं तेव्हा तो शिव्या देतो," तू म्हणालास. "आज एकही शिवी दिली नाही."

दुसऱ्या दिवशी मी तुझी पिशवी भरायला घेतली. म्हटलं, घरी जा, आईजवळ बस. तू पिशवी रिकामी केलीस. तुमच्या गावात टपाल सायकलवर येतं. घंटी वाजली की तुझी आई घरात जाऊन आतून कडी लावते, पोस्टमन पुढे गेला की उघडते, असं तू हसत सांगितलंस. मग हसणं थांबवून म्हणालास, "मी तिथं बसलो तर आम्ही दोघं कडी लावून बसू. त्यापेक्षा काहीतरी करू."

ते काहीतरी म्हणजे भुसावळ स्टेशनवरचं पाणी. मिल्ट्रीच्या गाड्या उत्तरेकडे जात होत्या आणि त्या भुसावळला थांबत. आपल्या विद्यार्थी पथकाला सरांनी परवानगी काढून दिली. आनंदभाऊंना तू पत्रात तसं कळवलंसही. पण कशातून द्यायचं? स्टीलची पिंपं त्या उन्हात अर्ध्या तासात चहासारखी तापत. तेव्हा तुला ती कल्पना सुचली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती, आपल्या खानदेशात घरोघरी नव्या घागरी होत्या. तू म्हणालास, त्या मागू.

 तुमच्या घरी आखाजीला घागर भरत नाहीत, म्हणून तुला ते फक्त मातीचं भांडं वाटलं. आमच्याकडे ती घागर गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात. वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, गोडाची सांजोरी. आजोबांची एक, आजीची एक. पूजा झाली की तीच घागर उन्हाळाभर पिण्याच्या पाण्याला लागते, घरच्यांना त्याचं काही वाटत नाही. पण ती लढाईवर निघालेल्या माणसासमोर धरायची म्हणजे निराळं.

माझ्या आईनं ते तोंडावरच सांगितलं. आपण दोघं माझ्या गावी, आमच्या ओट्यावर उभे होतो.

"अरे बापा, त्या घागरी मेलेल्याइच्या नावाच्या हायेत. त्या कुठी नेऊ राहिलास?"

"स्टेशनवर. जवानांना पाणी द्यायला."

"जित्या मानसाले, आन तेबी लढाईवर चाललेल्याले, त्याच्यातून पानी पाजशीन? मले भेव वाटते."

तू पुढे झालास. "काकू, तुमच्या घागरीतलं पाणी रोज कोण पितं?"

"आम्हीच पितो."

"मग तुम्हाला काही झालं का?"

आई हसली. "मोठा वकील लागून गेला," म्हणाली, आणि आजोबांच्या नावाची घागर तुझ्या हातात दिली. पण आपण कोपऱ्यावरून वळलो तेव्हा मी मागे पाहिलं. ती ओट्यावर हात जोडून उभी होती. हे मी तुला सांगितलं नव्हतं.

त्याच गल्लीच्या टोकाच्या घरातला प्रसंग तुला आठवत असेल. त्यावर आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. त्या बाईंनी मला घागर दिली आणि दुसरी आणायला आत गेल्या. बाहेर येऊन तुला विचारलं, "तू कोनाचा रे? आडनाव काय?" तू सांगितलंस. नेहमीसारखं, मान वर करून. बाईंनी घागर पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. वापस आनू नको."

वाटेत मी म्हणालो की आखाजीची घागर घराबाहेर गेली की परत घेत नसतील, त्यांना तेच म्हणायचं असेल.

"असेल," तू म्हणालास.

"खरंच. आपल्याकडे असतं तसं."

"भास्कर, तुझी घागर तुझ्या हातात दिली. माझी पायरीवर ठेवली."

मी म्हणालो, तेव्हा माझे हात मोकळे होते. तू म्हणालास, माझेही होते. त्यानंतर बागांमधून चालत आपण स्टँडपर्यंत आलो. मी अजूनही त्या बाईंची बाजू शोधत असतो, मिलिंद. आमच्या नात्यातल्या आहेत त्या. तू गेल्यानंतर त्या आईकडे आल्या आणि रडल्या. आता मी काय समजायचं? तू असतास तर म्हणाला असतास, दोन्ही खरं असतं. 

पहिल्या दिवशी आपली फजिती झाली. गाडी येईपर्यंत आपणच घागरी अर्ध्या केल्या होत्या, ऊनच तसं होतं. गाडी आली आणि शेवटच्या डब्यापर्यंत पोचता पोचता पाणी संपलं. तिथे एक जवान खिडकीतून रिकामी बाटली धरून होता. गाडी सुटली तरी त्यानं हात आत घेतला नाही. तू तिथेच उभा राहिलास. त्या दिवशी तू नियम केलास: गाडीचं पाणी गाडीला, आपण गाडी गेल्यावर. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. नंतर आम्ही भरायला नळावर गेलो की ओंजळभर पिऊन येत असू. ते तुला दिसत होतं आणि तू कुणाला बोलला नाहीस. तू स्वतः मात्र नळावरही प्यायचा नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "तिकडं वर त्यांना कोण देतं?"

ते दिवस चांगले होते असं म्हणायची मला भीती वाटते, पण होते. एक सरदारजी घागरीचं पाणी पिऊन डोळे मिटून म्हणाले, "ओए, मटके का पानी! घर पहुँचा दिया यार." माझ्या वडिलांनी केळी पाठवली ती आठवते? आमच्या माणसांना केळी पाठवायची म्हणजे वॅगनमध्ये भरायची कच्ची, हिरवी केळी एवढंच ठाऊक. त्यांनी तेच घड पाठवले. आपणही न बघता डब्यात चढवले. साताऱ्याकडच्या एका जवानानं एक केळं सोलायचा प्रयत्न केला, सोलेना.

"काय रं हे? बंदुकीत घालायची काय?"

"भाऊ, तिकडं पोचेपर्यंत पिकतील," तू म्हणालास.

"आन ती पिकूस्तवर आम्ही कुठं असू?"

त्याच्या डब्यातले सगळे हसले. आपणही हसलो. गाडी गेल्यावर तू घागरी गोळा करत होतास आणि एकाएकी म्हणालास, "त्याचं नाव विचारायला पाहिजे होतं." त्यानंतर टीव्हीवर नावं यायची तेव्हा तू साताऱ्याचं नाव आलं की माझ्याकडे बघायचास. आपल्याला कधीच कळणार नव्हतं. तरी बघायचास.

प्रत्येक गाडीला तू एक काम करायचास. घागर खांद्यावर घेऊन पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत ओरडत जायचास: "शे का रे कोनी आपला? शिंदखेडाकडला?" जवान कुठून आले, कुठे चालले, हे विचारायचं नाही असं सरांनी बजावलं होतं. तू विचारत नव्हतास. तू फक्त अहिराणीत हाक मारत होतास, आपल्याकडचा कुणी आहे का. ज्याला कळेल तोच उत्तर देईल. आनंदभाऊ वर गेलेत हे तुला माहीत होतं, पण त्यांच्या पलटणीतला कुणी, त्यांना पाहिलेला कुणी भेटेल असं तुला वाटायचं. एकदा एका डब्यातून आवाज आला, "शे ना भो, धुयाना शे मी!" तू इतका जोरात पळालास की घागर फुटली. तो धुळ्याचा होता, आनंदभाऊंना ओळखत नव्हता. तरी तू त्याच्याशी गाडी सुटेपर्यंत बोललास. काय बोललात ते मला कळलं नाही. आमच्या बोलीतल्या मले-तुलेवर तू हसायचास आणि म्हणायचास, भास्क्या, अहिराणी शिक, नाहीतर माझ्या मायशी काय बोलशील?

परत येताना पॅसेंजरच्या दारात बसून तू मला एक गोष्ट सांगितलीस. तुझे आजोबा विहिरीपासून लांब हंडा ठेवून उभे राहायचे. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. आणि आज तुझ्या हातातली घागर कुणीही हिसकावून घेत होतं. "त्यातल्या एकानंही आडनाव विचारलं नाही," तू म्हणालास. "त्यांना तहान लागली होती म्हणून नसेल विचारलं," मी म्हणालो. वाद घालायचा म्हणून नाही, खरंच तसं वाटलं. तू बाहेर बघू लागलास. शेतं नांगरून पडली होती, काळी, भेगाळलेली, माणूस नाही. डब्यात वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतले दोन कामगार होते. सुट्ट्या बंद झाल्यात, दुहेरी पाळ्या चालू आहेत, असं ते हलक्या आवाजात बोलत होते. मग तू म्हणालास, "तहान नसतानाही विचारलं नाही पाहिजे. त्यासाठीच हे सगळं करायचं." ते मी भाषणातलं वाक्य समजलो. आता तसं वाटत नाही.

त्या दिवसाविषयी लिहायचं टाळत होतो.

गाडी सकाळी येणार होती. दुपार झाली. प्लॅटफॉर्मवर कुत्रंसुद्धा नव्हतं. रूळ बघवत नव्हते. घागरी सावलीत ओळीनं मांडल्या होत्या, तोंडावर ओली फडकी. जवळचा नळ आटला होता, म्हणून तू पार टोकाच्या नळावरून खेपा करत होतास, झिरपून कमी झालेल्या घागरी पुन्हा काठोकाठ भरत होतास. मी म्हटलं, बस जरा. तू म्हणालास, आता सिग्नल पडेल. तुझा शर्ट सकाळी ओलाचिंब होता. दुपारी मी बघितलं तर तो कोरडा होता. मला वाटलं, बरं झालं, वारा लागला असेल.

सिग्नल पडला. गाडी आली आणि थांबलीच नाही. तू घागर उचललीस आणि गाडीबरोबर पळायला लागलास. "शे का रे कोनी आपला?" पाणी तुझ्या अंगावर सांडत होतं. शेवटच्या डब्यातून एक हात बाहेर आला. तो उत्तर म्हणून होता की पाण्यासाठी, ते मला कळलं नाही. मग गाडी गेली आणि तू खांबाला टेकून खाली बसलास.

मी आलो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास, पण तुला मी दिसत नव्हतो. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी फडकं ओलं करून डोक्यावर ठेवलं, घागर तोंडाला लावली. तू ती हातानं ढकललीस.

"हाई गाडीनं पानी शे," म्हणालास.

"गाडी गेली मिलिंद. पी."

तू माझा हात धरलास आणि एकदम लहान मुलासारखा हसलास. "भाऊ, तू खाले कवय उतरना?"

तू मला आनंदभाऊ समजत होतास. मी म्हटलं, "आत्ताच." काय म्हणायला हवं होतं ते मला अजून माहीत नाही. आम्ही सगळ्या घागरी तुझ्यावर ओतल्या, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खूप धडपड केली. संध्याकाळपर्यंत तू होतास.

सकाळी सर आणि मी तुला घेऊन निघालो. जळगाव, पारोळा, धुळे, मग शिंदखेड्याचा रस्ता. आदल्या संध्याकाळी सरांनी शिंदखेड्याला फोन करून निरोप पोचवायला सांगितलं होतं, तो पोचला नव्हता. गाडीच्या काचेला कॉलेजच्या नावाचा कागद लावला होता. तुमच्या गावात शिरलो तेव्हा ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. बाहेरची गाडी म्हणजे काय, ते त्या दिवसांत सगळ्या गावाला कळत होतं.

तुझी आई दारात होती. तिनं कडी लावली नव्हती. ती सरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"मना आनंदा?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

मिलिंद, तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. तिनं इतके दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. दाराच्या चौकटीला हात लावला, तो हात कपाळाला लावला. ती माझ्याकडे बघून हसलीसुद्धा असेल. मग तिनं माझ्या मागे, गाडीकडे पाहिलं. त्या दोन्हीच्या मधला जो क्षण होता, तो माझ्यामुळे तिला मिळाला, आणि तो मी द्यायला हवा होता की नव्हता, हे मला जन्मभर कळणार नाही.

तुझे दिवस झाल्यावर सरांनी विषय काढला. धुळ्याच्या सैनिक कार्यालयातून आनंदभाऊंना तार करता येईल, म्हणाले. तुझे वडील खाली बघत बसले होते. तुझ्या आईनं नको म्हटलं.

सर म्हणाले, "बाई, भाऊ गेलाय त्याचा. त्याला कळायचा हक्क आहे."

"हक त्याना शे, पन जीव बी त्यानाच शे ना," ती म्हणाली. "वर डोंगरवर शे तो. हाई ऐकीसन त्यानं ध्यान कथा राही?" मग माझ्याकडे वळली. "खाले उतरू दे त्याले. मंग तू सांगजो. तार नको. तू तोंडघाई सांगजो."

मी हो म्हटलं. त्यानंतर सगळ्या गावानं, तुझ्या अहिराणीत बठ्ठ्या गावानं, हो म्हटलं. तुझ्या गावाविषयी तू मला काय काय सांगितलं होतंस. वरची गल्ली, खालची गल्ली, कोण कुणाच्या पंगतीला बसत नाही. पण या गोष्टीत गाव एक झालं. ज्यांची पोरं सैन्यात आहेत त्या घरांनी पत्रांत तुझं नाव लिहिलं नाही. शिंदखेड्याच्या बाजारात कुणी बोललं नाही. मी परत गेलो तेव्हा पोस्टमन भेटला. तो आता वेशीवरच्या लिंबाखाली सायकल लावतो आणि चालत येतो. घंटी वाजू नये म्हणून. तू याला काय नाव दिलं असतंस? नागरिकांचं कर्तव्य म्हणून तुझं एक भाषण आहे, माझ्याकडे त्याची प्रत आहे. त्यात हे नाही.

माझ्या आईचं काय सांगू. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगितलं होतं. तिनं म्हटलं नाही. तिच्या मनात ते होतं हे मला दिसत होतं, आणि माझ्याही मनात होतं, मिलिंद, खोटं कशाला बोलू. ती मेलेल्यांची भांडी आपण का नेली, असं मला पुष्कळदा वाटलं. मग वाटलं, त्याच घागरींतलं पाणी कितीतरी माणसं पिऊन गेली, त्यातली पुष्कळ परत येतील. घागरींना दोष दिला, तर त्यांच्याही जिवाला धोका आहे असं मानावं लागेल. हे मी कुणाशी बोलू? या भांडणात तू माझ्यासमोर पाहिजे होतास. परवा आई केळीच्या पानावर भाकरी वाढत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, "पुढच्या आखाजीले त्याच्या नावाची घागर मी भरीन." मी म्हटलं, त्यांच्यात भरत नाहीत. ती म्हणाली, "त्याच्यात नसंन. माह्यात हाये." तुला चाललं असतं का? बहुतेक म्हणाला असतास, भरा काकू, पण मग कुणाला तरी पाजा.

आता पाऊस सुरू आहे. टीव्हीवर सांगतात लढाई थांबली. आनंदभाऊंचं एक पत्र गावी आलं होतं, खुशाल आहे एवढंच. खाली उतरल्याचं कळवलं नाही. रविवारी मी होस्टेलमधून हलत नाही. रेक्टरांच्या खोलीबाहेर बाक आहे, तिथे पुस्तक घेऊन बसतो. फोन वाजला की पुस्तक मिटतो. तो आनंदभाऊंचा असावा असंही वाटतं आणि नसावा असंही. इतके दिवस आपण सगळे तिकडून येणाऱ्या बातमीला भीत होतो. आता ती भीती इकडे आहे, माझ्याजवळ, आणि तिकडे जायची वाट बघते आहे.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो आहे, आणि उद्या सरांना देऊन टाकेन.

सकाळी रेक्टरांनी हाक मारली. तुझ्या नावानं मारली. सवयीनं असेल. मग दारात येऊन मला आत बोलावलं आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

खूप खरखर होती. मग आवाज आला, मोठा, आनंदलेला.

"हॅलो! मिल्या शे का रे? कोन बोली राहिना? बलाव त्या गाढवले! सांग, मी खाले उतरनू. वाचनू!"

शिवी होती, मिलिंद. म्हणजे सगळं बरं होतं.

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "हां, भास्कर. मिल्या शे का?"

मी विचारलं, जवळ कोणी आहे का. ते म्हणाले, पलटणीतले शेतस ना, काबर रे? मी कितीतरी दिवस ते वाक्य प्रमाण भाषेत तयार करून ठेवलं होतं. त्यातला एक शब्द तोंडातून निघाला नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "मिलिंद नही शे."

"कथा ग्या? तुमना पानी वाटाले?"

मग मी सांगितलं. स्टेशन, ऊन, गाडी थांबली नाही ते, तू मला कोण समजलास ते. काही अहिराणीत, काही आमच्या बोलीत, जसं आलं तसं.  मी थांबल्यावर खरखर तेवढी राहिली. मला वाटलं लाईन तुटली. मग अगदी हळू आवाज आला.

"घर माय एकलीच शे का?"

"नही भाऊ," मी म्हणालो. "बठ्ठं गाव शे."